नाणे खरे कशाने ठरते?

(कंधार येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते इतिहास शिकवीत. त्यांच्या नावाने बोलायचे तर पुरावा कसा तपासतात हे दाखवणारा विषय हवा, असे मला वाटले. म्हणून आज जुन्या नाण्यांविषयी बोलणार आहे. नाणे अस्सल आहे की बनावट, ते कुणाचे, आणि संग्राहक त्याचा दर्जा कसा लावतात, हे प्रश्न मी घेणार आहे.

सुरुवात तुमच्याच गावाच्या नावाने करतो. जुन्या नाण्यांच्या बाजारात जहांगीर बादशहाचे चांदीचे रुपये येतात. त्यांतल्या काहींवर टांकसाळीचे नाव फार्सी अक्षरांत स्पष्ट वाचता येते : कंधार. इथला माणूस ते वाचून हरखला, तर त्याला दोष देता येणार नाही. विकणाराही मग हलक्या आवाजात सांगतो, ‘साहेब, तुमच्या किल्ल्यातलं आहे.’ पण अफगाणिस्तानातले कंदहार आणि मन्याडकाठचे आपले कंधार यांची नावे फार्सीत एकसारखीच लिहिली जातात. मग निवाडा कशावर करायचा? सनावर. अफगाण कंदहार अकबराच्या हाती १५९५ मध्ये आले. १६२२ मध्ये इराणच्या शाह अब्बासने ते जहांगीराकडून घेतले. आपला दख्खनचा किल्ला मोगलांकडे आला तो १६३१ मध्ये, शाहजहानच्या काळात. जहांगीर हयात असताना हा किल्ला निजामशाहीचा होता, म्हणजे इथे त्याच्या नावाचा रुपया पाडला जाणे शक्यच नव्हते. तो रुपया चांदीचा आहे, जुना आहे, बादशाही टांकसाळीचा आहे. फक्त आपला नाही.

शाहजहानच्या रुपयाचे प्रकरण जरा अवघड. त्याने अफगाण कंदहार १६३८ मध्ये परत मिळवले आणि १६४९ मध्ये कायमचे गमावले. त्या अकरा वर्षांत दोन्ही गावे त्याच्याकडे होती. तिथे सन पुरत नाही. ठशाची घडण, अक्षरांचे वळण, त्याच ठशाची दुसरी नाणी कुठे मिळतात हे पाहावे लागते. अभ्यासकांनी तसे पाहूनच ती नाणी अफगाण टांकसाळीच्या खात्यात टाकली आहेत.

या एका उदाहरणातून विषयाची मांडणी हाती येते. नाणे समोर आले की चार प्रश्न विचारायचे. धातू बरोबर आहे का? घडण त्या काळची आहे का? ते कुणी, कुठे, केव्हा पाडले? आणि ते किती झिजले आहे? बाजार चौथ्या प्रश्नाने सुरुवात करतो, कारण किंमत तिथे ठरते. अभ्यासकाने मात्र क्रम सोडू नये. पाचवा एक प्रश्नही आहे, तो मी शेवटी घेईन. त्याचे उत्तर मुंबईचा लिलाववाला देऊ शकत नाही, फक्त तुम्ही देऊ शकता.

पहिला प्रश्न धातूचा. आपल्याकडे हे काम शेकडो वर्षे चालत आले आहे. महसुलाचा पैसा सरकारात भरण्याआधी तो पारखण्याचे काम पोतदाराचे असे, आणि गावपातळीवर ते बहुधा सोनाराकडे असे. आजही पोतदार आडनावाची घरे आहेत. त्यांच्या पूर्वजांचा हा हुद्दा होता. पेशवाईत आणि निजामाच्या मुलुखात एकाच वेळी अनेक टांकसाळींचे रुपये चलनात असत. पुण्याकडचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, हैदराबादेचा हाली, आणि पुढे इंग्रजांचा कलदार. प्रत्येकाची चांदी वेगळी, म्हणून प्रत्येकावर वेगळा बट्टा. सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा नाद ऐके, कसोटीवर घासून कस पाही, शंका आली तर कडेला छिन्नीची चीर देई किंवा पृष्ठावर आपला बारीक ठसा उमटवी. आज बाजारात अशा ठशाच्या नाण्याला ‘खराब’ म्हणून कमी भाव मिळतो. त्या काळी तोच ठसा नाणे तपासल्याची पावती होती.

हाली आणि कलदार यांचा हिशेब मराठवाड्यातल्या मागच्या पिढ्यांना तोंडपाठ होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. जुन्या खरेदीखतांत म्हणूनच रकमेपुढे हाली की कलदार हे लिहिलेले असते. हा दर निव्वळ राजकीय होता का? वजन करून पाहू. चारमिनार छापाच्या हाली रुपयाचे वजन ११.१७८ ग्रॅम आणि चांदी हजारात ८१८ भाग, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे ९.१४ ग्रॅम. १९४० पूर्वीचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.६९ ग्रॅम. पहिल्याला दुसऱ्याने भागा, ०.८५५ येते. सहा भागिले सात केले तर ०.८५७. बाजारातला दर आणि तराजूतली चांदी यांत जवळजवळ फरकच नाही. नाण्यावर निजामाची मुद्रा असो की इंग्लंडच्या राजाचे डोके, सराफाने चांदी मोजली होती. १९४० मध्ये इंग्रज सरकारने कलदाराची चांदी निम्म्यावर आणली. म्हणून त्या काळातला रुपया हाती आला तर आधी साल बघावे.

ही तपासणी आज घरी करता येते. शंभरांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आता महाग राहिलेला नाही. आधी नाणे कोरडे तोला. मग बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून लटकते ठेवा आणि वजन किती घटते ते पाहा. कोरड्या वजनाला त्या घटीने भागले की विशिष्ट गुरुत्व मिळते. शुद्ध चांदीचे १०.४९, तांब्याचे ८.९६, शिशाचे ११.३४. हाली रुपयातला चांदीखेरीजचा भाग तांब्याचा धरला तर आकडा १०.२ च्या जवळ यायला हवा. म्हणजे ११.१८ ग्रॅमचा रुपया पाण्यात सुमारे १.१ ग्रॅम हलका होतो. घट १.३ ग्रॅम आली तर वरून चांदीचा मुलामा आणि आत पितळ असण्याचा संभव आहे. प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी नाणे न दुखवता धातूचे प्रमाण काढता येते. पण ते किरण पृष्ठभागच वाचतात, त्यामुळे जाड मुलामा त्यांनाही चकवतो. दोन्ही चाचण्या जोडीने केलेल्या बऱ्या.

दुसरा प्रश्न घडणीचा. हातोड्याच्या काळात धातूची चकती दोन ठशांमध्ये ठेवून घाव घालीत. धातू दाबाने बाहेर सरकतो, अक्षरांच्या कडा धारदार उठतात. खोटे करणारे बहुधा अस्सल नाण्याचा साचा काढून ओतकाम करतात. ओतीव नाण्यावर अक्षरे बोथट येतात, पृष्ठावर हवेच्या बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे राहतात, कडेवर साच्याच्या दोन अर्धांची शिवण दिसते किंवा ती कानशीने घासल्याच्या खुणा दिसतात. भिंग घेऊन कड तपासणे ही सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीची सवय आहे. आणखी एक खूण सांगतो. दोन नाण्यांवर एकाच जागी एकसारखा ओरखडा असेल तर दोन्ही संशयास्पद. ठसा एक असू शकतो, पण चलनात पडलेला ओरखडा दोन नाण्यांवर सारखा कसा येईल?

महाराष्ट्रात सगळ्यांत जास्त बनावट कशाची होते हे तुम्ही ओळखले असेल. शिवछत्रपतींच्या सोन्याच्या होनाची. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. अस्सल होन जगात फार थोडे आहेत. बाजारात आणि जत्रांत दिसणारे बहुतेक ‘होन’ काल-परवा घडवलेले असतात. शिवराईची गोष्ट वेगळी. ती अस्सलच असते, पण बहुधा शिवाजी महाराजांच्या वेळची नसते. तोच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात अनेक टांकसाळींतून पाडला जात राहिला आणि इंग्रजी अमलातही शिवराई चलनात होती. जुनी शिवराई कोणती, नंतरची कोणती, हे अक्षरांचे वळण, ठिपक्यांची कड आणि वजन पाहून ठरवावे लागते. के. के. महेश्वरी आणि केनेथ विगिन्स यांचा मराठा टांकसाळी आणि नाण्यांवरचा १९८९ चा ग्रंथ यासाठी आजही हाताशी ठेवावा लागतो.

बनावटीचा आणखी एक प्रकार असा आहे की ज्याचे अस्सल कधी नव्हतेच. एका बाजूला राम, लक्ष्मण, सीता आणि हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ असे साल. असे आणे कंपनीने कधीही पाडले नाहीत. ती देवळाबाहेर विकली जाणारी पदके आहेत, त्यांची श्रद्धेपुरती किंमत आहे. पण ‘तांदूळ ओढणारे नाणे’ म्हणून लाखो रुपयांना ती गळ्यात मारणाऱ्या टोळ्या आहेत, आणि त्यात शेती विकून पैसा घालणारी माणसेही बुडाली आहेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही आणि त्यासाठी ती कुणाकडून शुल्क घेत नाही. हे वाक्य घरातल्या मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

आता तिसरा प्रश्न : नाणे कुणाचे? इथे नाव वाचून उत्तर मिळतेच असे नाही. मराठ्यांचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने पाडले जात. पुण्याच्या रुपयावर फार्सीत बादशहाचे नाव, आणि कोपऱ्यात एक छोटा अंकुश. तो अंकुश हीच ओळख. हैदराबादचेही तसेच. १८५७ पर्यंत आसफजाही रुपयांवर दिल्लीच्या बादशहाचे नाव आहे. निजामाची सही म्हणजे एक बारीक अक्षर, सिकंदरजाहसाठी ‘सीन’, नासिरुद्दौलासाठी ‘नून’. दिल्लीची गादी गेल्यावर बादशहाचे नाव निघाले, आसफजाहचे आले, आणि त्याबरोबर ९२ हा आकडा आला. फार्सी-अरबी अक्षरांना संख्या जोडण्याच्या पद्धतीत मुहम्मद या नावाची बेरीज ९२ होते. १९०३ नंतर यंत्रावर पाडलेल्या रुपयांवर चारमिनार आला. उस्मान अली खानच्या नाण्यांवर मधल्या कमानीत ‘ऐन’ हे अक्षर आहे, सुरुवातीच्या नाण्यांवर अर्धे आणि पुढच्या नाण्यांवर पूर्ण. त्यावरच हिजरी सन आणि राज्यारोहणापासूनचे वर्षही असते. उस्मान अली १९११ मध्ये, हिजरी १३२९ मध्ये गादीवर आला. दोन आकडे एकमेकांशी जुळत नसतील तर नाणे बाजूला ठेवून पुन्हा बघा. निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांना हे आकडे सहज वाचता येत. शून्य ते नऊ हे दहा आकडे शिकायला तुमच्या नातवंडांना एक दुपार पुरेल.

कंधारच्या दृष्टीने यातला सर्वांत मोठा प्रश्न राष्ट्रकूटांचा आहे. हे गाव त्यांचे. जगत्तुंग सागर त्यांची आठवण देतो, तिसऱ्या कृष्णाच्या काळचा शिलालेख इथेच मिळाला. अरब प्रवाशांनी ज्यांची गणना जगातल्या मोठ्या राजांत केली, त्यांचे खात्रीने सांगावे असे नाणे मात्र जवळजवळ मिळत नाही. नाशिक भागात ‘कृष्णराज’ नाव आणि नंदी असलेली छोटी चांदीची नाणी सापडली, तेव्हा काही जुन्या अभ्यासकांनी ती राष्ट्रकूट कृष्णाची मानली. नाव जुळत होते. पण नाण्याची धाटणी गुप्त आणि पश्चिमी क्षत्रपांच्या वळणाची होती, आणि ‘परममाहेश्वर’ ही पदवी कलचुरींच्या ताम्रपटांशी जुळत होती. आज ती सहाव्या शतकातल्या कलचुरी कृष्णराजाची मानतात, राष्ट्रकूटांच्या सुमारे दोनशे वर्षे आधीची. तरीही कुणी ‘कंधारच्या कृष्णराजाचे नाणे’ म्हणून ते तुम्हाला विकू शकेल. धातू अस्सल, घडण अस्सल, फक्त राजा चुकीचा. अशी फसवणूक प्रयोगशाळेत उघडी पडत नाही, ती वाचनाने उघडी पडते.

आता दर्जा. आज लिलावांच्या यादीत नाण्यापुढे आकडे छापलेले असतात, एकपासून सत्तरपर्यंत. ही पट्टी अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ती मांडली. कल्पना अशी की जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याची किंमत एक धरली तर अगदी निर्दोष नाण्याची सत्तर. म्हणजे सत्तर हा आकडा झिजेतून आलेला नाही, त्या काळच्या भावातून आला. थोड्याच वर्षांत भाव बदलले आणि ते गणित मोडले, आकडे मात्र राहिले. १९७७ मध्ये अमेरिकन संग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेने ती पट्टी सगळ्या नाण्यांना लावली. १९८६ आणि १९८७ मध्ये तिथे दर्जा लावणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी काम सुरू केले, आणि नाणे कडक प्लास्टिकच्या डबीत बंद करून त्यावर क्रमांक छापायची पद्धत जगभर पसरली. आज त्या डब्यांचीही बनावट होते. आणि ज्याने पट्टी बनवली त्या शेल्डनने स्वतः न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेच्या संग्रहातली चांगली सेंट उचलून तिथे आपली हलकी नाणी ठेवली होती, हे त्याच्या मृत्यूनंतर उघड झाले. न्यायालयातही ते मान्य झाले. पारखणारा कोण, हेही पारखावे लागते.

पट्टी वाईट नाही. यंत्रावर पाडलेल्या, एकसारख्या निघालेल्या नाण्यांना ती बऱ्यापैकी लागू पडते. चारमिनार रुपयाला ती लावा. मिनारांच्या बारीक रेघा आणि कमानीतले अक्षर शाबूत असेल तर वरचा दर्जा, उंचवटे गुळगुळीत झाले असतील तर खालचा. पण हातोड्याच्या रुपयाला ती अपुरी पडते. मोगल आणि आसफजाही टांकसाळीत ठसा मोठा आणि चकती लहान असे. त्यामुळे एकाच दिवशी पाडलेल्या दोन रुपयांपैकी एकावर टांकसाळीचे नाव येई, दुसऱ्यावर ते चकतीबाहेर राही. दुसरा कितीही चकचकीत असो, त्याच्यावरून गाव कळत नाही. झिजलेला पण गाव आणि सन सांगणारा पहिला रुपया अभ्यासकाला अधिक मोलाचा. आकड्यांची पट्टी ही गोष्ट नीट तोलत नाही.

दर्जाच्या हव्यासापोटी आपण एक नुकसान मात्र रोज करतो, ते म्हणजे घासणे. चिंच, लिंबू, रांगोळी, दात घासायची पेस्ट, सगळे वापरून नाणे उजळायचे. शतकभरात चांदीवर धरलेला काळपट थर धातूचे रक्षण करतो आणि त्याचे वय सांगतो. घासलेल्या नाण्याला बहुतेक कंपन्या आकडाच देत नाहीत, ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात. दागिन्यासाठी कडी टाकलेल्या रुपयाचेही तेच. देव्हाऱ्यातला रुपया पुजेत घासला जातो, त्याला माझी हरकत नाही. पण जो नाणे म्हणून जपायचा आहे, तो तसाच कागदी पाकिटात ठेवा.

आता पाचवा प्रश्न : नाणे सापडले कुठे? १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभी इथे एक साठा मिळाला. त्यात चांदीची १३,००० हून जास्त नाणी होती, पश्चिमी क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या ९,००० हून जास्त नाण्यांवर सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा उमटवला होता, नहपानाच्या चेहऱ्यावरच. आजच्या दर्जाच्या पट्टीवर ही हजारो नाणी कमी गुणांचीच ठरतील, कारण मूळ छाप बिघडलेला आहे. पण इतिहासाला त्यांनी जे दिले ते एखाद्या निर्दोष नाण्याने दिले नसते. गौतमीपुत्राने नहपानाचा पराभव करून त्याचे चलन आपल्या नावाने चालवले, याचा हा ठोस पुरावा ठरला. तो मिळाला, कारण साठा एकत्र हाती आला, मोजला गेला, आणि रेव्हरंड स्कॉट यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच साठ्यातली चाळीस नाणी चाळीस सराफांकडे गेली असती, तर आज ती चाळीस वेगवेगळ्या प्लास्टिकच्या डब्यांत चाळीस कमी आकडे घेऊन बसली असती, आणि त्यांतून काही सिद्ध झाले नसते.

मराठवाडा अशा साठ्यांची भूमी आहे. पैठण, भोकरदन, तेर इथल्या सातवाहनकालीन नाण्यांवर महाराष्ट्राचा व्यापारी इतिहास उभा आहे. तेरला तर रोमन नाण्यांची मातीतली नक्कल मिळाली आहे. ती खोटी नाणी होती का? चलन म्हणून होय, पुरावा म्हणून नाही. दूरच्या बंदरातून आलेले नाणे इथल्या माणसाला इतके आवडले की त्याने त्याची प्रत गळ्यात घातली, हे त्या मातीनेच सांगितले. पण ती प्रत तेरलाच सापडली, ही नोंद नसती तर तिला कुणी विचारलेही नसते.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. धातू, घडण आणि राजा हे तीन प्रश्न जगातला कोणताही जाणकार सोडवू शकतो, दर्जाचा चौथाही. पण ‘हे नाणे अमुक शिवारात, विहीर खणताना, अमुक मडक्यात, इतक्या नाण्यांबरोबर मिळाले’ हे वाक्य फक्त गावकरी सांगू शकतो, आणि नाणे गावाबाहेर गेले की ते वाक्य कायमचे पुसते. जमिनीत साठा सापडला तर तो वाटून घेऊ नका, वितळवू नका. जिल्हाधिकाऱ्यांना कळवा, कायदाही तेच सांगतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू आहे, ते देशाबाहेर नेता येत नाही.

आणि जे आधीच घरात आहे, आजीच्या पेटीतले हाली रुपये, देव्हाऱ्यातली शिवराई, त्यांची नोंद आपण स्वतः करू शकतो. या तालुक्यातल्या शाळांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा मुलांनी घरची नाणी शाळेत न आणता, घरीच, पालकांसमोर तोलावी. वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे फोटो, वाचता आलेला सन, आणि ‘हे आमच्याकडे कुठून आले’ याचे एक वाक्य वहीत लिहावे. इतिहासाच्या शिक्षकाने त्या वह्या एकत्र बांधाव्यात. शंका असलेल्या नाण्याचे फोटो नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेला किंवा मुंबई विद्यापीठाच्या नाणेशास्त्र विभागाला पाठवून मत विचारावे. पाच वर्षांत कंधार तालुक्याची स्वतःची नाणेयादी तयार होईल, आणि एखाद्या नाण्यावर ‘कंधार’ असे वाचून कुणी आपल्याला गाठले, तर उत्तर देण्यासाठी आपल्याला दुसऱ्या कुणाकडे जावे लागणार नाही.